सामुदायिक इंटरनेट आणि सामायिक जाहीरनामा : एका चर्चेचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

इंटरनेट ही केवळ एक सोय आहे, की पाणी, रस्ता आणि दिवाबत्ती यांच्याप्रमाणे ती नागरी जीवनाची मूलभूत गरज झाली आहे, हा प्रश्न एके काळी परिसंवादांपुरता मर्यादित होता; आज तो महाविद्यालयांच्या प्रवेशप्रक्रियेत, सेवा केंद्राच्या खिडकीवर आणि शेताच्या बांधावर प्रत्यही उभा राहतो. महाराष्ट्रात २०२१ सालापासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच ‘ई-पीक पाहणी’ या ॲपमधून करावी, अशी व्यवस्था शासनाने सुरू केली. शेतकरी आपल्या गटात उभा राहतो, गट क्रमांक निवडतो, पिकाचे छायाचित्र घेतो आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. रेंज नसेल तर माहिती मोबाइलमध्ये साठून राहते, परंतु ती महसुली दप्तरात पोहोचावयाची, तर मुदतीच्या आत कोठे तरी संपर्क मिळालाच पाहिजे. सातबाऱ्यावरील ही नोंद पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांच्या कामी आधारभूत धरली जाते. पुणे जिल्ह्यातील वेल्हे, भोर, मुळशी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे एका खिंडीत रेंज मिळते आणि पुढच्या वळणावर ती नाहीशी होते, तेथे कायद्याने दिलेला लाभ आणि हातात पडलेला लाभ यांमध्ये एक नवे अंतर उत्पन्न झाले आहे.

हे अंतर केवळ भूगोलाचे नाही. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६१.५ टक्के पुरुषांनी आपण इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. स्त्रियांत हे प्रमाण ३८ टक्के होते. देशपातळीवर हेच आकडे अनुक्रमे ५७.१ आणि ३३.३ असे होते. म्हणजे ज्या घरात मोबाइल पोहोचला आहे, त्या घरातही तो कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ज्या वस्तीपर्यंत बाजार पोहोचत नाही आणि शासन वेळेवर पोहोचत नाही, तिने आपले जाळे आपणच उभारावे, त्याची मालकी व कारभार सामुदायिक असावा, आणि अशा सर्व जाळ्यांची समान तत्त्वे एका सामायिक जाहीरनाम्यात ग्रथित करावीत, हा विचार या परिस्थितीतून जगभर पुढे आला. या विचाराची पूर्वपीठिका कोणती, त्याविषयीचे मुख्य मतप्रवाह कोणते, महाराष्ट्राच्या आणि विशेषतः पुणे परिसराच्या अनुभवातून त्यावर कोणता प्रकाश पडतो, आणि मसुद्यास हात घालण्यापूर्वी कोणते प्रश्न निकालात काढावे लागतील, यांचा क्रमवार परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका : परवाना, लहरी आणि शासकीय योजना

भारतात दूरसंचाराचा कायदा मुळातच मक्तेदारीच्या पायावर उभा राहिला. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रे स्थापण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला आणि इतरांस तो परवान्याद्वारे देण्याची मुभा राखली. १९३३ च्या बिनतारी तारयंत्र अधिनियमाने बिनतारी उपकरण बाळगण्यावरही परवान्याचे बंधन घातले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना प्रवेश मिळाला, तरी ही मूळ चौकट कायम राहिली.

पहिला खरा बदल २००५ च्या जानेवारीत झाला. त्या वेळी २.४ गिगाहर्ट्झ पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला, आणि दोन छपरांवर लावलेल्या साध्या अँटेनांतून एका गावाचा दुसऱ्या गावाशी संपर्क जोडणे कायदेशीर झाले. हिमाचल प्रदेशात धरमशाला येथे एअरजल्दी या संस्थेचे जाळे याच सुमारास उभे राहिले. ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे २०१८ मध्ये खुले झाले.

परंतु मोकळीक वाढत असतानाच संशयही वाढला. २००८ मध्ये अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या सुमारास नवी मुंबईतील एका असुरक्षित वाय-फाय जोडणीचा गैरवापर करून धमकीचा ईमेल पाठविला गेल्याचे उघडकीस आले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटविण्याविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ग्राहकाच्या ओळखीची नोंद किमान एक वर्ष जपून ठेवण्याचे बंधन घातले. सामुदायिक जाळ्याच्या कोणत्याही चर्चेत मोकळीक आणि जबाबदारी यांचे हे द्वंद्व तेव्हापासून अनुस्यूत आहे.

शासकीय योजनांचा प्रवाह याला समांतर वाहत राहिला. सार्वत्रिक सेवा निधी २००२ मध्ये अस्तित्वात आला, आणि दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ठरावीक हिस्सा त्यात जमा होऊ लागला. २०११ मध्ये सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेली, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने ‘महानेट’ म्हणून अंगावर घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. तंतू ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आला, पण तेथून वाडीवस्तीवर, घराघरांत आणि शाळेत तो कोणी न्यावा, हा शेवटच्या टप्प्याचा प्रश्न मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला, आणि सामुदायिक जाळ्याचा विचार नेमका या मोकळ्या जागेत रुजला.

३. प्रयोगांची साखळी

युरोपात बर्लिनच्या ‘फ्रायफुंक’ या चळवळीने या शतकाच्या आरंभी छपराछपरांवरून जाळे विणले. कॅटलोनियातील ‘गिफी’ २००४ मध्ये ग्रामीण भागातून सुरू झाले आणि कालांतराने तीस हजारांहून अधिक जोडबिंदूंपर्यंत पोहोचले. तेथे जाळे सर्वांचे, पण त्यावर सेवा विकणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलावयाचा, असा हिशेब बसविण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील मानकोसी येथील ‘झेंझेलेनी’ ही सहकारी संस्था सौरऊर्जेवर आपले जोडबिंदू चालवू लागली, आणि त्याच बॅटऱ्यांवर गावकऱ्यांचे मोबाइल चार्ज करून देणे हे तिच्या आरंभीच्या उत्पन्नाचे एक साधन ठरले. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात तालेआ दे कास्त्रो या गावाने २०१३ मध्ये स्वतःची मोबाइल सेवाच सुरू केली.

भारतात डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटी यांनी २०१० पासून परवानामुक्त लहरींवर सामुदायिक जाळ्यांचा कार्यक्रम चालविला. मध्य प्रदेशातील चंदेरी हे विणकरांचे गाव त्याचे आरंभीचे केंद्र होते. महाराष्ट्रातील सर्वांत उल्लेखनीय प्रयोग मुंबईच्या आयआयटीचा. प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर परिसरातील गावांत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींचा उपयोग करून पंचायतीच्या तंतूपासून वस्तीपर्यंतचे अंतर भरून काढता येते, हे दाखवून दिले. या लहरी वृक्षराजी आणि चढउतार यांना त्या मानाने कमी अडतात, हा त्यांचा विशेष गुण. याउलट ५ गिगाहर्ट्झच्या जोडणीस दोन अँटेनांमध्ये सरळ, मोकळी दृष्टिरेषा लागते. सह्याद्रीच्या उतारावर मे महिन्यात निष्पर्ण झाडांतून जी जोडणी सुरळीत चालते, तीच श्रावणात, झाडे पानांनी डवरल्यावर, क्षीण होते. तंत्राची निवड स्थानिक ऋतूंचे ज्ञान असल्याखेरीज करता येत नाही, आणि हे ज्ञान गावापाशीच असते, ही गोष्ट जाहीरनाम्याच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

४. जाहीरनाम्यांची परंपरा

प्रयोग वाढत गेले, तशी समान तत्त्वांची गरज भासू लागली. बर्लिन-लंडनच्या मंडळींनी आरंभीच ‘पिको पिअरिंग करार’ या नावाचा एक अत्यंत आटोपशीर मसुदा सिद्ध केला: आपल्या जोडबिंदूतून दुसऱ्याच्या माहितीस विनामूल्य वाट द्यावी, जोडणीसाठी लागणारी माहिती खुली ठेवावी, सेवेची कोणतीही हमी गृहीत धरू नये, आणि स्थानिक अटी ज्याने त्याने जोडाव्यात. गिफीने याहून पुढे जाऊन आपल्या तत्त्वांस परवानापत्राचे कायदेशीर रूप दिले.

जागतिक स्तरावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या इंटरनेट शासन मंचाच्या छत्राखाली ‘सामुदायिक संपर्क’ या विषयावर एक आघाडी तयार झाली, आणि लुका बेल्ली यांच्या समन्वयाने, निरनिराळ्या देशांतील कार्यकर्ते, तंत्रज्ञ आणि अभ्यासक यांच्या सूचना गोळा करीत, २०१६ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथील बैठकीच्या सुमारास ‘सामुदायिक संपर्काचा जाहीरनामा’ आकारास आला. सामुदायिक जाळ्याची ओळख त्याने सात लक्षणांनी सांगितली: सामूहिक मालकी, सामाजिक व्यवस्थापन, खुली रचना, खुला सहभाग, इतर जाळ्यांशी मुक्त देवाणघेवाण, सुरक्षितता व खाजगीपणाचा विचार, आणि स्थानिक भाषांतील स्थानिक आशयाला उत्तेजन. धोरणकर्त्यांकडे त्याने अशी मागणी केली की, अशा जाळ्यांस अनावश्यक परवान्यांच्या ओझ्यातून मोकळे ठेवावे आणि लहरींचा वापर करू द्यावा.

या जाहीरनाम्याचे बळ त्याच्या व्यापकतेत आहे. त्याची मर्यादाही तीच. बर्लिनचा सुस्थित नागरिक आणि पालघरचा आदिवासी पाडा या दोहोंस लागू पडेल अशी भाषा वापरावयाची म्हटल्यावर वर्गणी थकल्यास काय करावे, अँटेना जळाल्यास ती कोणी बदलावी, आणि पोलिसांनी नोंद मागितल्यास कोणी उत्तर द्यावे, यांसारख्या बाबी वगळाव्या लागल्या. स्थानिक मसुद्याची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

५. चार मतप्रवाह

पहिला प्रवाह हक्कवादी आहे. त्याच्या मते इंटरनेट ही शासनाने पुरवावयाची सेवा असून, ती समाजावर सोपविणे म्हणजे शासनाने जबाबदारीतून अंग काढून घेणे होय. या पक्षास न्यायालयांचा वाढता आधार आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी निगडित असल्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीस आणि व्यवसायास घटनात्मक संरक्षण असल्याचे मान्य केले, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांची सुगम्यता ही कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरविली. केरळ सरकारचे ‘के-फोन’ जाळे, जे २०२३ च्या जूनमध्ये कार्यान्वित झाले आणि ज्यात वीस लक्ष गरीब कुटुंबांस मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, हे या पक्षाचे प्रमुख उदाहरण.

दुसरा प्रवाह बाजारास प्राधान्य देतो. २०१६ नंतर मोबाइल डेटाचे दर इतके उतरले की, वायफायच्या सार्वजनिक जाळ्यांचे प्रयोजनच संपुष्टात आले, असे त्याचे म्हणणे. लहरी लिलावात घेऊन, परवानाशुल्क भरून आणि सुरक्षेच्या सर्व अटी पाळून जो सेवा देतो, त्याच्या शेजारी या सर्वांतून मुक्त असा दुसरा सेवादाता उभा करणे न्याय्य नव्हे, हा या पक्षाचा युक्तिवाद सहज डावलता येण्याजोगा नाही.

तिसरा प्रवाह लहान व्यावसायिकावर भिस्त ठेवतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०१७ च्या शिफारशींतून निघालेली आणि ९ डिसेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-वाणी’ योजना हे त्याचे मूर्त रूप. किराणा दुकानदार, चहावाला किंवा औषधविक्रेता यांस वाय-फाय देण्यासाठी ना परवाना लागतो, ना नोंदणी; तो एखाद्या सेवादात्याची जोडणी घेतो, ग्राहकाची ओळख व पैशाचा हिशेब यांचे काम नोंदणीकृत समूहक पाहतो, आणि सर्वांची सूची सी-डॉट या शासकीय संस्थेच्या मध्यवर्ती नोंदवहीत राहते. राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही गेली नाही. दुकानदाराकडून घरगुती जोडणीऐवजी कित्येक पटींनी महाग अशा भाडेपट्टीच्या तारेची अपेक्षा केली जात असे, हे त्याचे एक कारण सांगितले गेले, आणि जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने अशा दुकानदारास लावावयाचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक असू नये, असा आदेश काढला.

चौथा प्रवाह सामुदायिक मालकीचा. त्याच्या मते, शासन दिल्यासारखे करते आणि बाजार परवडेल तेथेच जातो. दुकानदाराचे केंद्र दुकानाच्या वेळेपुरते आणि दुकानासमोर उभे राहू शकणाऱ्या माणसापुरते मर्यादित राहते. जाळे ज्यांनी वापरावयाचे, त्यांनीच ते ठरविले, बसविले आणि दुरुस्त केले, तरच ते टिकते आणि त्यावर त्यांच्या भाषेतील मजकूर येतो. या पक्षावरील आक्षेप असा की, उत्साहाच्या भरात उभारलेली जाळी अनुदान संपताच मूक होतात, आणि ‘समुदाय’ या नावाखाली अनेकदा गावातील बलिष्ठ घराण्यांचाच कारभार चालतो.

६. महाराष्ट्राचा पूर्वानुभव

या चारही पक्षांच्या विचारास महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासात कसोटीचे दगड सापडतात. पुण्यापासून फार दूर नसलेल्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग आरंभिला, त्याची ताकद घोषणेत नव्हती. वाटपाच्या नियमांत होती. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचे, भूमिहीनासही हिस्सा द्यावयाचा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही असे मानावयाचे, ऊस लावावयाचा नाही, आणि भांडवली खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः उचलावयाचा, असे ते नियम होते. प्रत्येक नियम एका संभाव्य भांडणाचे आगाऊ उत्तर होते. बँडविड्थ ही पाण्यासारखीच मर्यादित आणि एकाच वेळी अनेकांनी मागितलेली वस्तू आहे. एका घराने रात्रभर चित्रपट उतरवून घेतले, तर शेजारच्या विद्यार्थ्याचा तास अडतो, आणि तेव्हा वाटपाचा नियम लिहून ठेवलेला असणे उपयोगी पडते.

दुसरा दगड अधिक कठोर आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशकांच्या आसपास ग्राहकांच्या मालकीने वीजवितरण चालविले. परंतु शेतीपंपांचा मोठा भार, वसुलीतील तूट आणि घाऊक विजेच्या दराविषयीचा वाद यांत ती थकबाकीच्या खाईत गेली, आणि २०११ च्या आरंभी तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. बाहेरून घाऊक सेवा विकत घेऊन ती सभासदांना किरकोळीने देणाऱ्या प्रत्येक सामुदायिक जाळ्यास हा इतिहास वाचावाच लागेल. कारण अशा संस्थेचे जीवनमरण घाऊक दर आणि वसुली या दोनच आकड्यांवर अवलंबून असते.

तिसरे उदाहरण थेट आपल्या विषयातील. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. काही वर्षांनंतर अभ्यासकांना आढळले की, गावोगावच्या संगणकांचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या नोंदींसाठी, म्हणजे उसाचे वजन, तोडणीचा परवाना, खताची उचल यांसाठीच होतो. आणि सात गावांत संगणक काढून तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणले, तेव्हा ते स्वस्तात आणि सुलभतेने झाले. उभारणाऱ्यांचे स्वप्न आणि वापरणाऱ्यांची गरज यांचा मेळ आधी घालावा, हा यातला धडा.

७. पुणे शहराचा प्रसंग

पुण्यात प्रश्न निराळे रूप घेतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत पुणे दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि त्यानंतर लार्सन अँड टुब्रो, गुगल व रेलटेल यांच्या सहकार्याने शहरातील उद्याने, रुग्णालये व अन्य सार्वजनिक जागा धरून दीडशेहून अधिक ठिकाणी मोफत वाय-फाय सुरू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने आपली ‘स्टेशन’ ही मोफत वाय-फायची योजना जगभर गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला आणि मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण दिले. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत असेलही. पण ज्या सेवेवर नागरिक अवलंबून होऊ लागतो, ती बंद करण्याच्या निर्णयात त्यास स्थान असावे की नसावे, हा प्रश्न त्याने पुढे आणला.

शहरातील दुसरे क्षेत्र सहकारी गृहनिर्माण संस्थांचे. मालकी सामूहिक, निवडलेले व्यवस्थापन, वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण ही सामुदायिक जाळ्यास लागणारी सारी यंत्रणा येथे आयती आहे. संस्थेने एकच मोठी जोडणी घेऊन ती सदनिकांत वाटावी, ही कल्पना स्वाभाविक वाटते. परंतु जोडणीची पुनर्विक्री परवान्याच्या कक्षेत येते, आणि सभासदांत खर्च वाटून घेणे व विक्री करणे यांतील सीमारेषा सामान्य कार्यकारिणीस उमजण्याइतकी स्पष्ट नाही. शिवाय संस्थांच्या कुंपणाबाहेरील झोपडपट्टीत, जेथे घरांची दाटी आहे आणि मालकीचे कागद नाहीत, तेथे तार टाकण्यास कोणाची संमती घ्यावी हेच ठरत नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकाराच्या नव्या नियमांनी रस्ते, खांब व सार्वजनिक इमारती यांवरून तारा नेण्याची पद्धत देशभर एकसारखी करण्याचा प्रयत्न केला आहे. पण त्यांचा लाभ अधिकृत सेवादात्यास मिळतो, वस्तीच्या मंडळास नव्हे.

८. अनिर्णित प्रश्न

येथवरच्या विवेचनातून काही प्रश्न अनुत्तरित राहतात, आणि मसुदा करणाऱ्यांस ते टाळता येणार नाहीत.

पहिला, कायदेशीर दर्जाचा. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने परवान्याच्या जागी ‘प्राधिकृती’ आणली आणि सार्वजनिक हितासाठी तीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. तेव्हा सामुदायिक जाळ्यांनी संपूर्ण सूट मागावी, की हलक्या अटींची स्वतंत्र प्राधिकृती, याविषयी एकमत नाही. सुटीमुळे ओझे जाते, पण सूट काढून घेतली जाऊ शकते. प्राधिकृतीचा खर्च पडतो, परंतु तिने मार्गाधिकारासारखे हक्क मिळू शकतात.

दुसरा, लहरींचा. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरी ग्रामीण जाळ्यांस द्याव्यात, ही मागणी सार्थ आहे. पण जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, याच सुमाराच्या लहरींत अतिदूरच्या आकाशगंगांचे क्षीण संकेत ऐकते. तिच्या परिसरातील गावांचा संपर्काचा हक्क आणि विज्ञानाचा शांततेचा हक्क यांची सांगड पुणे जिल्ह्यातल्या मसुद्यास घालावीच लागेल. लहरी ही सर्वांची मालमत्ता, असे म्हणताना त्या ‘सर्वां’त खगोलशास्त्रज्ञही येतात.

तिसरा, नोंदी आणि खाजगीपणाचा. ओळख पटविणे कायद्याने आवश्यक. परंतु गावातल्या गावात चालणाऱ्या जाळ्यात कोणत्या घरातून कोणते संकेतस्थळ पाहिले गेले, ही माहिती शेजाऱ्याच्याच हाती राहिली, तर मोठ्या कंपनीच्या हाती असण्यापेक्षा ती अधिक जाचक ठरू शकते, विशेषतः तरुण मुलींना. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सर्वसाधारण कर्तव्ये सांगितली आहेत. दहा-वीस घरांच्या जाळ्यात ती कशी पाळावीत, याचे उत्तर स्थानिक नियमांतच लिहावे लागेल.

चौथा, जागेचा. जोडबिंदू कोठे बसतो यावर तो कोण वापरणार, हे बहुतांशी ठरते. टपरीवर बसविलेला वाय-फाय मुलींच्या उपयोगी फारसा पडत नाही. तोच वाचनालयात, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या खोलीत बसविल्यास चित्र पालटते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. ती या कामी साहजिक आधार ठरू शकतील. मात्र तुटपुंज्या अनुदानात काम चालविणाऱ्या ग्रंथपालावर हा नवा भार विनामोबदला टाकावा काय, हा प्रश्नही त्यासोबत येतो.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत मूलगामी, देखभालीचा. वीज कडाडली की उपकरण जळते, बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते, आणि शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत आठवडा जातो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या विज्ञान आश्रमाने शाळा सोडलेल्या मुलामुलींस हाताने करीत करीत ग्रामीण तंत्रज्ञान शिकविण्याची रीत घालून दिली. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम यांच्या पंक्तीस अँटेनाचा रोख धरणे आणि राउटरची जुळणी करणे ही कामे बसविली, तर प्रत्येक चारपाच गावांमागे एक कुशल हात तयार होऊ शकेल. पण त्याचे वेतन वर्गणीतून द्यावयाचे, की ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने आता ओळखल्या जाणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून, यावर मतभेद आहेत. हक्कवादी म्हणतात, निधी त्यासाठीच आहे. सामुदायिक पक्षातील अनेकांस भीती वाटते की, वेतन जेथून येईल तेथूनच हुकूमही येतील.

९. मसुद्याची दिशा

वादाची स्थिती अशी आहे. इंटरनेट हा सार्वजनिक हिताचा विषय आहे, एवढ्यावर चारही पक्ष आज सहमत आहेत. समाजाच्या मालकीचे जाळे तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे, हे पालघर, चंदेरी आणि धरमशाला यांनी सिद्ध केले आहे. शासन, बाजार आणि समाज यांपैकी कोणा एकाने हे काम पार पाडल्याचे उदाहरण मात्र दुर्मीळ आहे. केरळच्या जाळ्यातही खाजगी सेवादाते आहेत, गिफीतही व्यापारी आहेत, आणि पालघरचा प्रयोगही सरकारी तंतूच्या टोकापासूनच सुरू होतो. म्हणून कोणता पक्ष जिंकावा यापेक्षा कोणते काम कोणी करावे, हाच पुढच्या चर्चेचा विषय असणे श्रेयस्कर.

या दृष्टीने, पुणे व परिसरासाठी जर सामायिक जाहीरनाम्याचा मसुदा करावयाचा असेल, तर तो दोन भागांत असावा, असे मला मनापासून वाटते. पहिला भाग तत्त्वांचा. त्यासाठी ग्वादालाहाराच्या सात लक्षणांत फारशी भर घालण्याचे कारण नाही. दुसरा भाग कर्तव्यांचा, आणि त्यातच मसुदाकारांच्या परिश्रमांचा मोठा वाटा खर्ची पडावा: घाऊक जोडणीचा दर कोणत्या कराराने बांधून घ्यावयाचा; वर्गणी किती, कोणास माफ आणि ती थकल्यास किती दिवसांनी जोडणी मंद करावयाची; दुरुस्ती किती तासांत आणि कोणाच्या खर्चाने; नोंदी कोणाच्या कुलपात आणि किती काळ; गर्दीच्या वेळी विद्यार्थ्यांस आणि आरोग्यसेविकेस अग्रक्रम कसा; वार्षिक हिशेब कोणासमोर वाचून दाखवावयाचा, आणि त्या सभेत स्त्रियांची उपस्थिती किमान किती असल्याखेरीज तो मंजूर समजला जाऊ नये. पाणी पंचायतीचे यश आणि मुळा-प्रवरेचा अंत, दोन्ही आपल्या घरच्या घडामोडी आहेत. आणि दोहोंतून निघणारा निष्कर्ष एकच आहे की, समाईक मालमत्ता हक्काच्या उच्चाराने उभी राहते, पण टिकते ती जबाबदारीच्या वाटपाने. मसुद्याचे पहिले वाचन अशा ठिकाणी व्हावे, जेथे जाळे अजून पोहोचलेले नाही आणि जेथील माणसे त्यातील प्रत्येक कलमास ‘हे आमच्याच्याने होईल काय’ असा प्रश्न विचारू शकतील. त्या प्रश्नास उत्तर न देऊ शकणारे कलम कितीही उदात्त असले, तरी ते तूर्त बाजूस ठेवणे हेच जाहीरनाम्याच्या हिताचे होईल.